व्हेल शार्क आणि मांटा : एका पंगतीचे दोन महाकाय

मासळी बाजारात कोळणीच्या पाटीत मुशी आणि पाकट पुष्कळदा शेजारी शेजारी पडलेले दिसतात. मुशी म्हणजे शार्क. तळकोकणात तिला मोरी म्हणतात आणि मोरीच्या मटणाचे नाव काढताच मालवणी माणसाचे डोळे लकाकतात. पाकट म्हणजे इंग्रजीतला ‘रे’. अंगाने चपटा, दोन्ही बाजूंना पंखांसारखे पसरलेले पर आणि मागे चाबकासारखी शेपटी. गिऱ्हाइकाच्या नजरेला हे दोन जीव एकमेकांना अगदी परके वाटतात. एकाची काया पाणी कापत जाण्यासाठी घडवलेली, तर दुसऱ्याची जणू लाटण्याने लाटलेली. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ही दोघे सख्खी चुलत भावंडे आहेत.

या दोन घराण्यांतील सर्वांत मोठे सदस्य कोणते, असा प्रश्न विचारला तर उत्तर मोठे उद्‌बोधक आहे. शार्कांमध्ये सर्वांत मोठा व्हेल शार्क आणि पाकटांमध्ये सर्वांत रुंद महाकाय मांटा. दोघेही अरबी समुद्रात वावरतात, दोघेही निरुपद्रवी आहेत आणि दोघांचे मुख्य अन्न एकच आहे : पाण्यात तरंगणारे, बहुधा डोळ्यांना नीट दिसूही नयेत इतके लहान जीव. एका पंगतीला बसणाऱ्या या दोघांनी जगण्याचा हिशोब मात्र अगदी निरनिराळ्या रीतीने मांडला आहे. त्या दोन्ही हिशोबांत माणसाचे जाळे कोठेच धरलेले नव्हते. आज दोघेही संकटात आहेत त्याचे मूळ येथेच आहे.

नाते कसे ओळखावे?

बांगडा, पापलेट किंवा सुरमई यांच्या शरीरात हाडांचा सांगाडा असतो. शार्क आणि पाकट यांचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या नाकाच्या शेंड्याला असते तशा लवचीक पदार्थाचा असतो. म्हणून त्यांना कास्थिमत्स्य म्हणतात. बहुतेक हाडांच्या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि तिच्या आधारे ते पाण्यात तरंगतात. कास्थिमत्स्यांना ती नसते. पुष्कळ शार्क तेलाने भरलेल्या मोठ्या यकृताच्या आधारे आपले वजन तोलतात. या यकृताचे तेलच पुढे व्हेल शार्कच्या जिवावर उठले. परंतु ती हकिगत नंतर.

हाडांच्या माशांच्या कल्ल्यांवर एक झाकण असते. मासळी ताजी आहे की नाही हे पाहताना आपण उचलतो तेच. कास्थिमत्स्यांना हे झाकण नसते. त्याऐवजी उघड्या चिरा असतात, बहुधा पाच जोड्या. शार्क कोणता आणि पाकट कोणता, हे ओळखण्याची खूणही येथेच सापडते. चिरा डोक्याच्या दोन्ही बगलांना असतील तर तो शार्क आणि पोटाच्या बाजूला असतील तर तो पाकट. पाकटाचे छातीचे पर डोक्याला जोडले गेलेले असतात, म्हणून त्याचे शरीर तबकडीसारखे दिसते.

बाह्य रूपावर विसंबून राहिले तर फसगत होते. करवत मासा हे त्याचे उत्तम उदाहरण. नाकाड्यावर दुहेरी दात्यांची लांब करवत मिरवणारा हा मासा दिसतो हुबेहूब शार्कसारखा. परंतु त्याला उलटा करून पाहिले की कल्ल्यांच्या चिरा पोटाकडे आढळतात. अर्थात तो पाकट ठरतो. याउलट, तशीच करवत असलेला ‘सॉ शार्क’ नावाचा दुसरा मासा आहे, त्याच्या चिरा बगलांना असतात आणि तो खराखुरा शार्क आहे. सारखे काम करावे लागले की निसर्ग निरनिराळ्या घराण्यांना सारखे हत्यार देतो. शास्त्रज्ञ यालाच अभिसारी उत्क्रांती म्हणतात. व्हेल शार्क आणि मांटा यांची कथा हीच, फक्त त्यांचे हत्यार करवत नसून चाळणी आहे.

तळाकडून मोकळ्या पाण्याकडे

व्हेल शार्कच्या नावात व्हेल असला तरी तो देवमासा नव्हे. देवमासा सस्तन प्राणी आहे, त्याला श्वासासाठी पाण्याबाहेर यावे लागते. व्हेल शार्क कल्ल्यांनीच श्वास घेतो. तो जगातील सर्वांत मोठा मासा आहे. शहरातील मोठी प्रवासी बस सुमारे १२ मीटर लांब असते. पूर्ण वाढलेला व्हेल शार्क सहज तेवढा होतो आणि १८ मीटरच्या आसपासच्या लांबीचीही नोंद आहे. शास्त्राला त्याची प्रथम ओळख झाली ती १८२८ साली, दक्षिण आफ्रिकेतील टेबल उपसागरात मारल्या गेलेल्या एका माशावरून. अँड्र्यू स्मिथ यांनी त्याचे वर्णन केले. करड्या-निळ्या पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची आणि फिकट पट्ट्यांची नक्षी हे त्याचे वैशिष्ट्य. कोणत्याही दोन व्हेल शार्कांची ठिपक्यांची मांडणी सारखी नसते. खगोलशास्त्रज्ञांनी आकाशातील ताऱ्यांचे नकाशे जुळवण्यासाठी तयार केलेली गणिती पद्धत या ठिपक्यांना लावून २००५ पासून एकेका माशाची ओळख पटवली जाऊ लागली. पाठीवर आकाश घेऊन हिंडणारा मासा, असे म्हटले तर ते निव्वळ काव्य ठरणार नाही.

मांटा हा शब्द स्पॅनिश भाषेतला असून त्याचा अर्थ घोंगडी किंवा चादर असा होतो. नाव अगदी समर्पक आहे. महाकाय मांटाच्या एका पराच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी सात मीटरपर्यंत भरते. म्हणजे दुपदरी रस्त्यावर त्याला पसरून ठेवले तर वाहतूक बंद पडावी. त्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना दोन लवचीक पाळ्या असतात. गुंडाळल्या की त्या शिंगांसारख्या दिसतात. या शिंगांमुळे जुन्या खलाशांनी त्याला ‘सैतान मासा’ ठरवून टाकले. वस्तुतः त्या पाळ्या म्हणजे अन्न तोंडात लोटण्याची पळी होय. दुसरा गैरसमज शेपटीचा. पाकटाच्या शेपटीतील विषारी काट्याची धास्ती किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला असते. मांटाकडे असा दंश करणारा काटा नाही. मांटाच्या पोटावर गडद ठिपके असतात आणि त्यांवरूनच एकेका माशाची नोंद ठेवतात. शार्कची ओळख पाठीवर, पाकटाची पोटावर, असा हा फरक.

दोघांची कुळे पाहिली तर आणखी एक नवल दिसते. व्हेल शार्कचे जवळचे नातलग समुद्राच्या तळाशी पडून राहणारे, खडकांच्या कपारीत विसावणारे शार्क आहेत. मांटाचे नातलग वाळूत स्वतःला पुरून घेणारे पाकट आहेत. तळाशी शिंपले-खेकडे शोधणाऱ्या दोन घराण्यांतून हे दोघे स्वतंत्रपणे वर आले आणि मोकळ्या समुद्रातील तरंगत्या अन्नावर जगू लागले. तळावरच्या बहुतेक पाकटांचे तोंड पोटाखाली असते. मांटाचे तोंड मात्र अगदी समोर आले आहे. पुष्कळशा शार्कांचे तोंडही नाकाडाच्या खाली असते, पण व्हेल शार्कचे तोंड जबड्याच्या अग्रभागी सताड उघडते. वाळूत पडून राहणारा पाकट डोळ्यामागच्या छिद्रातून पाणी ओढून श्वास घेतो. मांटाला ती चैन परवडत नाही. कल्ल्यांवरून पाणी वाहते ठेवण्यासाठी त्याला सतत पोहत राहावे लागते.

चाळणी एक, तऱ्हा दोन

एवढ्या प्रचंड देहाने इतके बारीक अन्न का खावे? उत्तर सोपे आहे. समुद्रात सर्वाधिक विपुल असलेले प्राणिज अन्न हेच आहे. सूक्ष्म वनस्पती खाणारे सूक्ष्म प्राणी, झिंग्यांसारखे जीव, माशांची आणि खेकड्यांची अंडी यांचे ढगच्या ढग काही ऋतूंत पाण्यात तयार होतात. मधली साखळी गाळून थेट या कोठारावर हात मारता आला तर मोठे शरीर पोसता येते. मात्र अन्न विरळ असल्यामुळे अफाट पाणी गाळावे लागते.

किती पाणी? मेक्सिकोच्या किनाऱ्यालगत केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे साडेचार मीटर लांबीचा, म्हणजे लहानसाच व्हेल शार्क तासाला ३०० घनमीटरहून अधिक पाणी गाळतो असा हिशोब निघाला. आपल्या सोसायटीत येणारा पाण्याचा टँकर दहा हजार लिटरचा धरला तर तासाला तीस टँकर झाले. व्हेल शार्कच्या जबड्यात हजारो दात आहेत, परंतु ते इतके चिमुकले आहेत की खाण्याच्या कामी त्यांचा काहीच उपयोग दिसत नाही. खरे काम घशातील वीस स्पंजासारख्या गाळण्यांचे. पाणी या गाळण्यांवर सरळ आदळत नाही. ते त्यांच्या पृष्ठभागाला समांतर वाहते. पाणी छिद्रांतून कल्ल्यांवाटे बाहेर पडते आणि अन्नाचे कण घशाकडे सरकत एकवटत जातात. त्यामुळे गाळणी सहसा तुंबत नाही. चहाची गाळणी दर दोन कपांनंतर आपटावी लागते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या योजनेचे मोल कळेल. अन्न दाट असेल तेव्हा व्हेल शार्क पाण्यात उभा राहून, जवळपास स्थिर राहून, तोंडाने पाणी ओढून घेतानाही दिसतो.

मांटाची तऱ्हा याहून वेगळी. तो ओढून घेत नाही. तोंड उघडे ठेवून पुढे जात राहतो. अन्न दाट असलेल्या जागी तो कोलांट्या घेतो, म्हणजे तीच जागा पुन्हा पुन्हा विंचरता येते. त्याच्या कल्ल्यांतील गाळणी पानांसारख्या पट्ट्यांच्या रांगांनी बनलेली असते. २०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी तिचे कार्य उलगडून दाखवले. या पट्ट्यांच्या मधे पाण्याचे लहान भोवरे तयार होतात. अन्नाचा कण पट्टीवर आदळून उसळी घेतो आणि पुन्हा मुख्य प्रवाहात फेकला जातो. पाणी मात्र फटीतून निसटते. फटीपेक्षाही लहान असलेले कण अशा रीतीने अडतात. न तुंबणारी गाळणी कशी करावी, हा सांडपाणी शुद्ध करणाऱ्या अभियंत्यांनाही छळणारा प्रश्न आहे. मांटाच्या घशात त्याचे उत्तर आयते होते.

ही पंगत प्रत्यक्ष पाहायची असेल तर मालदीवमधील हनिफारू उपसागर प्रसिद्ध आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत, म्हणजे ज्या दिवसांत कोकणात होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात त्याच सुमारास, प्रवाहांमुळे तेथे तरंगते अन्न अडकून दाट होते. मग रीफ मांटा, म्हणजे महाकाय मांटाचा थोडा लहान भाऊ, तेथे डझनांनी जमतो आणि अधूनमधून व्हेल शार्कही त्याच जेवणाला हजर होतो. दोन घराण्यांचे पाहुणे एकाच पाण्यात जेवतात आणि भांडण होत नाही.

तीनशे पिल्ले आणि एक पिल्लू

जेवणात इतके साम्य असलेले हे दोघे संततीच्या बाबतीत मात्र दोन टोकांना उभे आहेत.

व्हेल शार्क अंडी घालतो की पिल्ले, याविषयी दीर्घकाळ वाद होता. १९९५ साली तैवानच्या किनाऱ्याजवळ एक मादी मारली गेली आणि हा वाद मिटला. तिच्या पोटात ३०० च्या वर पिल्ले होती. वाढीच्या निरनिराळ्या टप्प्यांवरची, काही अद्याप अंड्याच्या कवचात, तर काही सुमारे साठ सेंटिमीटर लांब आणि जन्माला येण्याच्या बेतात. अंडी मादीच्या पोटातच फुटतात आणि पिल्ले बाहेर येतात, हे यावरून सिद्ध झाले. एवढी पिल्ले दुसऱ्या कोणत्याही शार्कच्या मादीत आढळलेली नाहीत. त्यांपैकी काहींची आनुवंशिक तपासणी पुढे झाली, तेव्हा तपासलेल्या सर्व पिल्लांचा पिता एकच निघाला. पिल्ले निरनिराळ्या वयांची असल्यामुळे मादी एका समागमातील बीज साठवून ठेवते आणि टप्प्याटप्प्याने वापरते, असा तर्क अभ्यासकांनी केला.

मांटाचे गणित याच्या अगदी उलट. वर्षभराच्या आसपास चालणाऱ्या गर्भधारणेनंतर मादी साधारणतः एकाच पिल्लाला जन्म देते. आईच्या गर्भाशयातील स्रावावर, ज्याला शास्त्रज्ञ गर्भाशयाचे दूध म्हणतात, ते पिल्लू पोसले जाते आणि जन्मतःच त्याची रुंदी दोन मीटरच्या जवळपास असते. दोन बाळंतपणांत कित्येक वर्षांचे अंतर पडू शकते. मांटा चाळीस वर्षे जगू शकतो असे मानले, तरी एका मादीची आयुष्यभरातील पिल्ले बहुधा हातांच्या बोटांवर मोजता येतील.

तीनशे विरुद्ध एक, असा हा हिशोब पाहून कोणालाही वाटेल की व्हेल शार्कला चिंतेचे कारण नाही. परंतु निसर्गाच्या खतावणीत केवळ जमेची बाजू पाहून चालत नाही. व्हेल शार्कचे नवजात पिल्लू हातभर लांबीचे असते आणि अथांग समुद्रात त्याला आईचे संरक्षण नसते. निळ्या शार्कच्या आणि मार्लिन माशाच्या पोटातही अशी पिल्ले सापडलेली आहेत. तीनशेंपैकी फार थोडी तगत असावीत. जी तगतात त्यांना वयात येण्यास पंचवीस-तीस वर्षे लागतात. मांटाचे पिल्लू मोठे जन्मते, त्याला शत्रू कमी आणि ते व्हेल शार्कपेक्षा बरेच लवकर वयात येते. एकाने पुष्कळ पेरून थोडे उगवण्याचा मार्ग निवडला. दुसऱ्याने एकच दाणा जपून लावण्याचा.

मार्ग निराळे असले तरी दोघांचे गृहीतक एकच. एकदा मासा मोठा झाला की त्याला खाणारे समुद्रात फारसे कोणी नाही; तो दशकानुदशके जगेल आणि त्या दीर्घ आयुष्यात आपली जागा घेणारे कोणीतरी मागे ठेवून जाईल. निसर्गाने प्रौढ माशाला सुरक्षित ठेवले होते. माणसाने नेमका प्रौढ मासाच लक्ष्य केला. बांगड्यासारखा लवकर वयात येणारा मासा भरपूर मारला तरी अनुकूल वर्षांत पुन्हा भरून येऊ शकतो. येथे तसे होत नाही. एक प्रौढ मादी गेली की केवळ एक मासा जात नाही. पंचवीस वर्षांची गुंतवणूक आणि पुढच्या अनेक वर्षांचे व्याज बुडते.

तेलासाठी एक, कल्ल्यांसाठी दुसरा

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची शिकार पूर्वापार होत असे. यकृताचे तेल लाकडी होड्यांना लावले की पाणी झिरपत नाही, म्हणून त्याला मागणी. १९९०च्या दशकात तैवानसारख्या बाजारपेठांत त्याच्या मांसाला भाव आला आणि शिकारीला धंद्याचे रूप चढले. मोठा गळ मारून त्याला रिकामी पिंपे बांधीत. पिंपे ओढून मासा थकला की त्याला किनाऱ्याला आणीत. यावरून मच्छीमार त्याला ‘बॅरल’ म्हणू लागले. माशाचे नाव त्याला मारण्याच्या साधनावरून पडावे, यातच सारे आले. माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या २००० सालच्या माहितीपटाने ही कत्तल जगापुढे आणली. २००१ साली केंद्र सरकारने व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले. वाघाला मिळालेले संरक्षण मिळवणारा हा भारतातील पहिला मासा.

मांटाच्या वाट्याला आलेले संकट वेगळे. ज्या गाळणीचे अभियंत्यांना कौतुक वाटते, तीच त्याच्या नाशाचे निमित्त झाली. मांटा आणि त्याच्या जवळच्या पाकटांच्या कल्ल्यांतील पट्ट्या वाळवून चीनमधील काही बाजारांत ‘पौष्टिक औषध’ म्हणून विकल्या जातात. त्या कल्ल्यांनी पाणी शुद्ध होते, म्हणून माणसाचे रक्तही शुद्ध होईल, असा काहीसा हा तर्क. त्याला वैद्यकशास्त्राचा आधार नाही. यात भर पडते ती अनाहूत पकडीची. कुपा म्हणजे ट्यूना माशासाठी खोल समुद्रात सोडलेल्या जाळ्यांत मांटा अडकतो. मागच्या मागे पोहणे त्याला जमत नाही आणि थांबला की श्वास थांबतो. अडकलेला मांटा त्यामुळे फार काळ टिकत नाही.

व्हेल शार्कला आणखी एक धोका आहे, जो फारसा दिसत नाही. तो पुष्कळ वेळ पृष्ठभागाजवळ, सावकाश पोहतो आणि मोठ्या जहाजांचे मार्गही तेथूनच जातात. उपग्रहांद्वारे माग ठेवलेल्या माशांच्या आणि जहाजांच्या हालचाली एकत्र ठेवून केलेल्या २०२२ सालच्या अभ्यासाने जहाजांची धडक हे त्याच्या मृत्यूचे मोठे आणि लपलेले कारण असावे असे दाखवले. धडक बसलेला मासा तळाशी जातो. जहाजावर कोणाला पत्ताही लागत नाही. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत व्हेल शार्क २०१६ पासून आणि महाकाय मांटा २०२० पासून ‘संकटग्रस्त’ गणला जातो.

कायद्याची पावले मात्र दोघांसाठी सारख्या गतीने पडली नाहीत. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात व्हेल शार्क २००२ साली आला, मांटा २०१३ साली. भारतात व्हेल शार्कला २००१ मध्ये संरक्षण मिळाले. मांटाला कायद्याच्या यादीत जागा मिळण्यास २०२२ ची दुरुस्ती यावी लागली. अखेर २०२५ च्या शेवटी समरकंद येथील परिषदेत व्हेल शार्क आणि सर्व मांटा व त्यांचे सोयरे यांना साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात एकत्र बसवण्याचा निर्णय झाला. पंगत एक असलेल्या या दोघांना एका रांगेत बसायला इतकी वर्षे लागली.

माहेरवाशिणीचे नाव

कायदा झाला म्हणजे किनाऱ्यावरचा माणूस बदलतो असे नाही. गुजरातचा अनुभव येथे मोलाचा आहे. २००४ च्या सुमारास राज्याचा वन विभाग, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स यांनी मच्छीमारांमध्ये मोहीम सुरू केली. तिला कथाकार मोरारीबापूंची साथ मिळाली. व्हेल शार्क ही बाळंतपणासाठी माहेरी येणारी लेक आहे, तिला कसे मारायचे, असे त्यांनी सांगितले. ‘बॅरल’चे नाव ‘व्हाली’ झाले. व्हाली म्हणजे लाडकी. ज्या मराठी घरांत लेकीचे पहिले बाळंतपण माहेरी होते, त्यांना या उपमेचे बळ वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

केवळ भावनेवर मात्र मोहीम चालली नाही. जाळ्यात सापडलेला मासा सोडायचा तर जाळे कापावे लागते आणि जाळे म्हणजे मच्छीमाराचे भांडवल. म्हणून कापलेल्या जाळ्याची भरपाई देण्यात येऊ लागली आणि सुटकेचे छायाचित्र मच्छीमारानेच काढावे अशी सोय झाली. त्या किनाऱ्यावर आजवर आठशेहून अधिक व्हेल शार्क मच्छीमारांनी स्वतःच्या हाताने सोडले आहेत. एके काळी गळ मारणारे हेच हात होते. गुजरातेत कार्तिक अमावास्येला व्हेल शार्क दिवसही पाळतात. महाराष्ट्रानेही डिसेंबर २०१८ मध्ये तोच मार्ग धरला. संरक्षित सागरी जीव सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला कमाल २५ हजार रुपयांची भरपाई देण्याची योजना राज्याने आणली आणि कोकण किनाऱ्यावर कासवे, डॉल्फिन आणि व्हेल शार्क तिच्या आधारे सुटले.

मांटाला अजून असे लाडके नाव मिळालेले नाही. तो किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात हिंडतो. त्याची गाठ पडते ती रात्री दूरवर सोडलेल्या जाळ्यांत आणि तेथे ना कथाकार पोहोचतो, ना वनाधिकारी. शिवाय पाकट ही आपल्या बाजारातील नेहमीची मासळी. तुकडे केल्यावर साधा पाकट आणि संरक्षित मांटा यांतील फरक गिऱ्हाइकाला कळणे कठीण. तीनशे पिल्ले पोटात वागवणाऱ्या मादीला माहेरवाशीण म्हणून आपण ओटी भरून निरोप देऊ शकलो, तर वर्षभर एकुलते एक पिल्लू पोटात वाढवणाऱ्या मादीचा हक्क त्याहून कमी कसा म्हणता येईल? किंबहुना तिचा हिशोब अधिक काटेकोर आहे. तिच्या एका जाण्याची भरपाई करण्यासाठी समुद्रापाशी दुसरे पिल्लू तयार नसते.

शहरातील वाचकाने यात काय करावे, असा प्रश्न पडेल. समुद्रावर जाऊन जाळे कापणे आपल्या हाती नाही. परंतु बाजारात आपण काय मागतो त्यावर खोल समुद्रात काय पकडले जाते हे बऱ्याच अंशी ठरते. रुंद पंखांचा, तोंडापाशी शिंगे असलेला प्रचंड पाकट बंदरावर उतरलेला दिसला तर ती नवलाची गोष्ट नसून चिंतेची आहे, एवढे ओळखता आले तरी पुष्कळ झाले. आणि मासा सोडल्याबद्दल मच्छीमाराला मिळणारी भरपाई ही खैरात नसून आपल्या सर्वांच्या वतीने दिलेली किंमत आहे, हेही आपण मान्य केले पाहिजे. पाटीत शेजारी शेजारी पडलेली मुशी आणि पाकट पाहताना त्यांच्या या दोन थोरल्या भावंडांची आठवण ठेवावी. ती तशी पाटीत येऊ नयेत, याची काळजी आता माणसालाच घ्यावयाची आहे.